आधी नागरिकत्व, मग बंदूक

९ डिसेंबर १९१८ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात भगतसिंग थिंद यांना नागरिकत्वाचा दाखला मिळाला. अंगावर अमेरिकी लष्कराचा गणवेश आणि डोक्यावर पगडी. पहिलं महायुद्ध संपून महिना होत आला होता. चार दिवसांनी, १३ डिसेंबरला, तो दाखला रद्द झाला, कारण थिंद गोरे नव्हते. आणखी तीन दिवसांनी लष्करानं त्यांना सन्मानानं सेवामुक्त केलं आणि वर्तणुकीच्या रकान्यात शेरा मारला : उत्कृष्ट.

त्या तीन दिवसांत हा माणूस सरकारदरबारी एकाच वेळी उत्कृष्ट सैनिक होता आणि नागरिक व्हायला नालायकही होता. दोन्ही गोष्टी कागदावर होत्या, सहीशिक्क्यासह.

थिंद यांनी पुन्हा अर्ज केला. १९२० मध्ये ओरेगॉनच्या कोर्टानं त्यांना दुसऱ्यांदा नागरिक केलं. सरकार अपिलात गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीत हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. तीनच महिन्यांपूर्वी एका जपानी अर्जदाराला त्यांनीच सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंद यांनी मानववंशशास्त्राचा आधार देत ‘मग मी कॉकेशियनच आहे’ असं म्हटलं, तेव्हा ते शास्त्रच कुचकामी ठरलं. त्यांना तिसऱ्यांदा, आणि या वेळी टिकणारं, नागरिकत्व मिळालं १९३६ मध्ये. तेही आदल्या वर्षी अमेरिकी संसदेनं पहिल्या महायुद्धातल्या आशियाई सैनिकांसाठी वेगळा कायदा केला म्हणून.

ही कहाणी वर्णद्वेषाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिच्यात आणखी एक गाठ आहे, जी वंशाची अट कायद्यातून गेल्यावरही सुटलेली नाही. सैनिकानं आपला वाटा आधी उचलला होता. सरकार आपला वाटा नंतर उचलणार होतं. आणि त्या ‘नंतर’मध्ये सरकारला वाटेल तेवढी मोकळीक होती. माझं म्हणणं या एका शब्दाबद्दल आहे. परदेशी माणसाला फौजेत घ्यायचं की नाही, हा प्रत्येक देशाचा प्रश्न. पण घ्यायचंच असेल, तर त्याच्या हातात बंदूक देण्याआधी, निदान त्याच दिवशी, त्याला नागरिक करावं. सेवेचं बक्षीस म्हणून नागरिकत्व पुढे टांगून ठेवू नये.

‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’ हे तानाजीचं वाक्य आपल्याला पाठ असतं. ते वाक्य थोर आहे, कारण तानाजी ते स्वतःच्या घरच्या लग्नाबद्दल, स्वतःच्या तोंडानं बोलला. तेच वाक्य राजा म्हणाला असता, ‘आधी कोंढाणा घे, मग तुझ्या पोराच्या लग्नाचं बघू’, तर आपण त्याचे पोवाडे गायले असते का? सैनिकी सेवेतून नागरिकत्व देणाऱ्या बहुतेक सरकारांनी हे दुसरं वाक्य उच्चारलेलं आहे. आणि तानाजी परत आला नव्हता, हेही आपल्याला माहीत आहे.

कल्पना जुनी आहे. रोमन साम्राज्यात नागरिक नसलेल्यांच्या साहाय्यक पलटणी असत. सिरियातले धनुर्धर असोत की गॉलमधले घोडेस्वार, २५ वर्षं चाकरी केली की नागरिकत्व. ब्राँझचे दोन पत्रे तारेनं एकमेकांना बांधलेले, त्यावर मजकूर कोरलेला आणि सात साक्षीदारांच्या मुद्रा. असे शेकडो दाखले युरोपभर जमिनीतून निघाले आहेत. रोमनं हा शब्द बऱ्यापैकी पाळला, हे मान्य करायला हवं. पण तिथेही देणाऱ्याचा हात वर होता. सुरुवातीला सैनिकाबरोबर त्याच्या आधीच झालेल्या मुलांनाही नागरिकत्व मिळे. इसवी सन १४० च्या सुमारास ती सवलत काढून घेतली गेली. वीस वर्षं तलवार चालवलेल्या माणसाला शेवटच्या टप्प्यात कळलं असेल की सौद्याची अट बदलली आहे. त्यानं काय करायचं? पुढे २१२ मध्ये सम्राट काराकालानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्याच स्वतंत्र रहिवाशांना नागरिक करून टाकलं आणि त्या ब्राँझच्या पत्र्यांची किंमतच गेली.

आजची अमेरिका २५ वर्षं थांबवत नाही. कागदावर तिचा कायदा जगातल्या उदार कायद्यांपैकी एक आहे. सामान्य स्थलांतरिताला ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. सैनिकाला शांततेच्या काळात एक वर्षाची सन्मान्य सेवा पुरते. युद्धकाळ जाहीर असेल तर तेवढीही अट नाही. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ युद्धकाळ मानावा, असा आदेश राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जुलै २००२ मध्ये काढला. अर्जाची फी नाही. परदेशातल्या तळावरही शपथ घेता येते. २००२ पासून दीड लाखाहून जास्त जवान या वाटेनं नागरिक झाले आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, मग तक्रार कशाची?

तक्रार या गोष्टीची की हा कायदा हक्क देत नाही, अर्ज करण्याची मुभा देतो. आणि अर्ज कुठे अडकेल हे सैनिकाच्या हातात नसतं. इतिहासात हा अर्ज सगळ्यात वाईट अडकला तो फिलिपिन्समध्ये.

१९४१ साली फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होता. २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिथली फौज अमेरिकी सेनापतींच्या हुकमतीखाली आणली. पुढे गनिमी टोळ्या धरून अडीच लाखांच्या आसपास फिलिपिनो लढले. बटान द्वीपकल्पात ते अमेरिकी जवानांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, तिथेच जपान्यांना शरण गेले आणि पुढे युद्धकैद्यांच्या जीवघेण्या पायपिटीत त्यांच्याबरोबर, त्यांच्याहून जास्त संख्येनं, मेले. मार्च १९४२ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा केला : आपल्या सैन्यात लढणाऱ्या परदेशी माणसाला अमेरिकेत पाऊल न ठेवताही नागरिक होता येईल, अर्जाची मुदत १९४६ अखेर. युद्ध संपलं. अर्ज घ्यायला मनिलात एक अधिकारी नेमला गेला. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्याचा अधिकार काढून घेण्यात आला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या देशातली धडधाकट माणसं निघून जातील, अशी भीती फिलिपिन्सच्या बाजूनं व्यक्त झाली होती आणि वॉशिंग्टनला ती सोयीची वाटली. पुढचे नऊ महिने मनिलात अर्ज स्वीकारणारं कोणी नव्हतं. कायदा जिवंत, मुदत चालू, फक्त खिडकी बंद! मधल्या काळात, फेब्रुवारी १९४६ मध्ये, संसदेनं आणखी एक कायदा करून ठरवलं की फिलिपिनो फौजेतली ही सेवा माजी सैनिकांच्या बहुतेक सवलतींपुरती अमेरिकी लष्करातली सेवा मानायची नाही. गरज सरो, वैद्य मरो.

त्यातले काही जण वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुदत उलटली आहे आणि नागरिकत्व वाटणं हे कोर्टाचं काम नाही. मग १९९० मध्ये संसदेनं नवा कायदा करून त्यांना नागरिक केलं. विशीत बंदूक उचललेली ही माणसं तेव्हा सत्तरीच्या आसपास होती. पैशाचा हिशेब त्याहून उशिरा मिटला. २००९ मध्ये एकरकमी भरपाई ठरली : जो अमेरिकी नागरिक झाला असेल त्याला १५ हजार डॉलर, जो झाला नसेल त्याला ९ हजार. एकाच खंदकात बसलेल्या दोघांच्या सेवेत सहा हजार डॉलरचा फरक आणि तो फरक कशाचा? तर ज्या कागदाची खिडकी सरकारनं स्वतःच लावून घेतली होती, त्या कागदाचा.

कोणी म्हणेल, हा वसाहतवादी काळ होता, आता तसं होत नाही. तर मग अलीकडची गोष्ट घेऊ. इराक आणि अफगाणिस्तानात एकाच वेळी अडकलेल्या अमेरिकी लष्कराला भाषा जाणणारी माणसं आणि डॉक्टर-नर्स कमी पडत होते. २००८ च्या अखेरीस ‘मॅव्हनी’ नावाची योजना मंजूर झाली. ग्रीन कार्ड नसलेल्या, पण विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या तरुणांना थेट भरतीची वाट उघडली. भाषांच्या यादीत अरबी, पश्तू, कोरियन होत्या तशा हिंदी, पंजाबी, उर्दू, तमिळही होत्या. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांना किती वर्षं ताटकळावं लागतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या योजनेची ओढ का वाटली ते सांगायला नको. दहा हजारांहून अधिक जण भरती झाले. २०१२ साली अमेरिकी लष्करानं वर्षातला सर्वोत्तम सैनिक म्हणून निवडलेला जवान नेपाळमध्ये जन्मलेला, याच योजनेतून आलेला होता.

२०१६ मध्ये भरती थांबली आणि जे आधीच करार करून बसले होते त्यांच्यावर नव्या चौकशांचं ओझं आलं. चौकशी व्हायला हरकत नाही. पण चौकशी करणारी माणसं मोजकी आणि प्रकरणं हजारो. करार झालेला, प्रशिक्षणाची तारीख मिळत नाही, दुसरीकडे व्हिसाची मुदत संपत चाललेली. अनेकांचा व्हिसा लष्कराची वाट पाहता पाहता संपला. ज्या देशाच्या सैन्यात दाखल व्हायचा करार केला, त्याच देशात ते बेकायदा ठरले. मायदेशी परतावं तर परक्या सैन्यात नाव नोंदवल्याची नोंद पाठीशी. काही देशांत ती नोंद तुरुंगात जायला पुरेशी असते. २०१८ मध्ये यांपैकी कित्येकांना काहीही कारण न सांगता सेवेतून काढल्याचं उघड झालं, आणि प्रकरण कोर्टात गेल्यावर लष्कराला त्या हकालपट्ट्या थांबवाव्या लागल्या.

या सगळ्यात एक फॉर्म आहे, त्याचं नाव एन-४२६. ‘अमुक माणूस सन्मानानं सेवेत आहे’ एवढंच त्यावर लष्करानं लिहून द्यायचं असतं. त्याशिवाय नागरिकत्वाचा अर्ज पुढे सरकत नाही. पूर्वी प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यांतच त्यावर सही होत असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये संरक्षण खात्यानं नवा नियम आणला : किमान १८० दिवसांची सक्रिय सेवा, त्याआधी चौकशी पूर्ण आणि सही कर्नल किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची. साध्या शिपायाला कर्नल गाठायला काय करावं लागतं, हे कोणत्याही फौजेतल्या माणसाला विचारा. संसदेनं कायद्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. युद्धकाळात सेवेची किमान मुदत नको असं कायदा म्हणत होता आणि एक फॉर्म मुदत घालत होता. ऑगस्ट २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय न्यायालयानं ती किमान सेवेची अट बेकायदा ठरवली. तोवर तीन वर्षं गेली होती.

मनिलातली बंद खिडकी आणि कर्नलची सही, यांत पाऊण शतकाचं अंतर आहे. युक्ती तीच आहे. आश्वासन मोडायचं नाही, फक्त ते पुरं करण्याचं काम ज्या टेबलावर होतं ते टेबल उचलून न्यायचं.

आता त्यांच्याबद्दल, ज्यांनी अर्जच केला नाही. अमेरिकेत भरती होणारा प्रत्येक जण, नागरिक असो वा नसो, एकच शपथ घेतो : मी अमेरिकेच्या राज्यघटनेचं देशातल्या आणि देशाबाहेरच्या सर्व शत्रूंपासून रक्षण करीन. ही शपथ घेतली म्हणजे आपण नागरिक झालो, असा कित्येक ग्रीन कार्डधारक जवानांचा समज होता. भरती करणाऱ्यांनी ‘कागदाचं आपोआप होईल’ असं सांगितल्याचं अनेकांनी नोंदवलं आहे. आपोआप काही होत नाही. सेवा संपते, माणूस घरी येतो, युद्धानं मनात पेरलेलं घेऊन येतो. दारू, अमली पदार्थ, मारामारी, तुरुंग हा उतार जन्मानं अमेरिकी असलेल्या माजी सैनिकांनाही ठाऊक आहे. फरक एवढाच की त्यांची शिक्षा तुरुंगाच्या दारात संपते. ग्रीन कार्डवाल्याची तिथून पुढे सुरू होते. १९९६ च्या कायद्यानं हद्दपारीस पात्र गुन्ह्यांची व्याख्या इतकी रुंद केली की न्यायाधीशाला सेवेचा विचार करून सवलत द्यायला फारशी जागाच उरली नाही.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१९ मध्ये यावर अहवाल दिला. २०१३ ते २०१८ या काळात सुमारे २५० माजी सैनिकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली आणि ९२ जणांना देशाबाहेर काढलं गेलं. ही सुद्धा फक्त सापडलेली नावं, कारण समोरचा माणूस माजी सैनिक आहे का हे तपासायचा हद्दपारी करणाऱ्या खात्याचा स्वतःचाच नियम खात्याकडून नीट पाळला जात नव्हता. सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात अशा हद्दपार सैनिकांनी स्वतःसाठी एक आसराघर उभं केलं. ते उभारणारा माजी पॅराट्रूपर कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांच्या माफीनंतर २०१८ मध्ये परतला आणि नागरिक झाला. इतरांसाठी एक वाट कायम उघडी असते. सन्मानानं सेवा केलेला सैनिक मेला की त्याला अमेरिकेतल्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत जागा मिळू शकते. जिवंतपणी सीमा बंद, शवपेटीला खुली.

मरणोत्तर नागरिकत्वाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. इराक युद्धात मेलेल्या पहिल्या अमेरिकी सैनिकांपैकी एक, होसे गुतिएरेझ, ग्वाटेमालातून कागदपत्रांविना आलेला अनाथ मुलगा होता. मार्च २००३ मध्ये तो मेल्यावर त्याला नागरिकत्व दिलं गेलं. मागे राहिलेल्या कुटुंबाला अशा नागरिकत्वाचा फायदा मिळावा अशी तरतूद त्याच वर्षीच्या अखेरीस झाली, ती चांगलीच झाली. पण खुद्द त्याच्यापुरतं हे वरातीमागून घोडं. फ्रान्सनंही १९९९ मध्ये कायदा केला, की फॉरेन लीजनचा, म्हणजे परदेशी माणसांच्या फ्रेंच पलटणीचा, सैनिक लढाईत जखमी झाला तर त्याला नागरिकत्व मागण्याचा हक्क मिळेल. त्याला तिकडे ‘सांडलेल्या रक्तानं फ्रेंच’ म्हणतात. शब्द ऐकायला भारी आहेत. पण ज्याच्या अंगाला गोळी चाटून गेली नाही त्यानं तीन वर्षांनी अर्ज करायचा आणि सरकारच्या मर्जीची वाट पाहायची. गोळी खाल्लेला आणि गोळी चुकवलेला यांच्या निष्ठेत नेमका काय फरक आहे?

आता आक्षेप. सगळ्यात जड आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो खोटा नाही. भाषा येते म्हणून घेतलेला माणूस कोणाचा हेर निघाला तर? २०१६ नंतर कडक चौकशीचं कारण हेच दिलं गेलं. माझं उत्तर : मग चौकशी आधी करा, हवी तेवढी करा, आणि शंका असेल तर घेऊ नका. पण ज्याला पासपोर्ट द्यायला तुम्ही कचरता, त्याच्या हातात रायफल देऊन त्याला तुमच्या पोरांशेजारी झोपवताच कसे? पासपोर्ट रायफलीहून धोकादायक आहे, असं म्हणणारा सेनापती मला भेटवा. खरं तर नागरिक नसलेल्या जवानाला सहसा गुप्त माहितीचं काम मिळत नाही, अधिकारीपदही सहसा मिळत नाही. म्हणजे त्याच्या शरीरावर पूर्ण विश्वास आहे, त्याच्या डोळ्यांवर नाही. याला सुरक्षा म्हणत नाहीत, याला स्वस्त मजूर म्हणतात.

दुसरा आक्षेप : कागदासाठी भरती होणारे हे भाडोत्रीच. या आक्षेपाचा मला रागच येतो. अमेरिकेतली जन्मजात नागरिक असलेली कितीतरी मुलं कॉलेजची फी भरली जाते म्हणून, आरोग्यविमा मिळतो म्हणून, गावात दुसरं काम नाही म्हणून भरती होतात. त्यांना कोणी भाडोत्री म्हणत नाही, म्हणूही नये. माणूस फौजेत का जातो याची कारणं नेहमीच मिश्र असतात. देशाचा नागरिक व्हावं ही इच्छा त्यातल्या त्यात बऱ्या कारणांमध्ये मोडते.

तिसरा : आधीच नागरिक केलं आणि दुसऱ्या दिवशी पळून गेला तर? पळपुट्यासाठी लष्करी कायदा आहे, तो जन्मजात नागरिकालाही लागू आहे. आजचा अमेरिकी कायदा मात्र वेगळी सोय ठेवतो. लष्करी सेवेतून मिळालेलं नागरिकत्व, पाच वर्षांची सन्मान्य सेवा पुरी होण्याआधी माणूस असन्मानानं बाहेर पडला तर, काढून घेता येतं. म्हणजे एकाच गुन्ह्यासाठी शेजारच्या बराकीतल्या दोघांना दोन शिक्षा. एकाला तुरुंग, दुसऱ्याला तुरुंग आणि वर देश गमावणं. आपलं नागरिकत्व पाच वर्षं परीक्षेवर आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो वरिष्ठाच्या बेकायदा हुकमाला ‘नाही’ म्हणू शकेल का, याचाही विचार व्हावा.

चौथा आक्षेप माझ्या बाजूच्या लोकांकडून येतो आणि तोच मला जास्त छळतो. ते म्हणतात, मुळात नागरिकत्व आणि बंदूक यांची सांगड घालताच कशाला? दवाखान्यात रात्रपाळी करणारी नर्स, उन्हात भाजी तोडणारा मजूर, म्हाताऱ्यांची सेवा करणारी बाई, यांचं काम देशाचं नाही का? त्यांना एका वर्षात नागरिकत्व का नाही? हा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरतं समाधान करणारं उत्तर नाही. एवढंच म्हणतो की सैनिकाला मिळणारी सवलत काढून नर्सचं काही भलं होत नाही. शिवाय एक फरक आहे. नर्स नोकरी सोडू शकते. सैनिक कराराच्या मुदतीत सोडू शकत नाही, आणि मरायला जा म्हटलं तर त्याला जावं लागतं. इतका हक्क सरकार फक्त एका नात्यात मागू शकतं, आणि त्या नात्याचं नाव नागरिकत्व आहे. ते नातं नसताना हा हक्क गाजवणं हेच मुळात चुकीचं आहे. अमेरिकेत राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्या बहुतेक परदेशी पुरुषांना, अगदी कागदपत्रं नसलेल्यांनाही, सक्तीच्या भरतीच्या यादीत नाव नोंदवावं लागतं. मतदारयादीत नाव नाही, मरायच्या यादीत आहे.

आणि मग रशिया. इथे माझाच मुद्दा मला नीट तपासावा लागतो, कारण रशियानं वरवर पाहता मी म्हणतो तेच केलं. सप्टेंबर २०२२ पासून लष्करी करार करणाऱ्या परदेशी माणसाला तिथे झटपट नागरिकत्वाची वाट खुली झाली. पण त्याच महिन्यातल्या हुकमानं करार मुदत संपली तरी संपेनासे झाले. मध्य आशियातून कामाला आलेल्या आणि नव्यानं पासपोर्ट मिळालेल्या मजुरांवर बाजारांत, गोदामांत, मशिदींत छापे पडले. तुम्ही आता नागरिक, चला भरतीच्या नोंदणीला. अशा सुमारे दहा हजार जणांना युद्धाकडे पाठवल्याचं तिथल्या तपास समितीच्या प्रमुखांनी २०२४ मध्ये अभिमानानं सांगितलं. त्याच युद्धात नोकरीच्या आमिषानं नेलेले नेपाळी आणि भारतीय तरुणही अडकले. नेपाळ सरकारला जानेवारी २०२४ मध्ये रशिया आणि युक्रेनला कामासाठी जाण्याचे परवाने थांबवावे लागले. भारताच्या पंतप्रधानांना त्याच वर्षी जुलैमध्ये मॉस्कोत हा विषय काढावा लागला.

म्हणून नुसतं ‘आधी नागरिकत्व’ म्हणून भागत नाही. नागरिकत्वाकडे जाणारं दुसरंही दार उघडं असावं लागतं. नाहीतर फौजेचं दार निवडलं असं म्हणताच येत नाही. माणूस त्यातून ढकलला गेलेला असतो. अमेरिकेत लहानपणी कागदपत्रांविना आणल्या गेलेल्या मुलांसाठी २००१ पासून ‘ड्रीम’ नावाचा कायदा पुनःपुन्हा मांडला जातोय. त्यात कॉलेज किंवा लष्कर अशा दोन वाटा सांगितल्या होत्या. तो कायदा आजवर झालेला नाही. समजा उद्या त्यातली फक्त लष्कराची वाट मंजूर झाली, तर मी तिला विरोध करीन. गरिबाच्या पोरासमोर एकच दार ठेवून त्याला स्वेच्छा म्हणण्यात अर्थ नाही.

गुरख्यांची गोष्टही याच हिशेबात येते. दोनशे वर्षं ब्रिटनसाठी लढलेल्या या सैनिकांना तिथे राहायचा हक्क २००४ मध्ये मिळाला, तोही १९९७ नंतर निवृत्त झालेल्यांनाच. २००९ मध्ये सरकारचा संसदेत पराभव झाला तेव्हा कुठे आधीच्यांसाठी दार उघडलं. तोवर त्यातले पुष्कळ जण म्हातारे झाले होते. तुटपुंज्या पेन्शनवर, भाषा येत नसताना, थंड गावांत नव्यानं संसार मांडायला आले. तरुणपणी मिळाला असता तर हाच हक्क त्यांना शाळा, नोकरी, घर देऊन गेला असता.

हे सगळं होण्यासारखं नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये आपल्या सैन्याची भरती तिथे कायम वास्तव्याची परवानगी असलेल्या न्यूझीलंडच्या आणि पुढच्या वर्षी काही मित्रदेशांच्या नागरिकांना खुली केली, तेव्हा नागरिकत्वासाठी ९० दिवसांची सेवा पुरेशी ठरवली. आणि अमेरिकेनं स्वतः हे करून दाखवलं आहे. २००९ पासून तिथल्या प्रशिक्षण तळांवर नागरिकत्वाचे अधिकारी बसत. भरती होताच बोटांचे ठसे घेतले जात, प्रशिक्षण चालू असताना मुलाखत होई आणि दहा आठवड्यांच्या कवायतीनंतर दीक्षान्त संचलनाच्या सुमारास परदेशी जवान नागरिकत्वाची शपथ घेत. आईवडील मैदानाच्या कडेला बसलेले असत. त्यानंतर जवान आपापल्या पलटणीत जात, नागरिक होऊन. हजारो जवान असे झाले. २०१८ मध्ये तळांवरचे ते कक्ष बंद करण्यात आले.